रंग बदलणारं हायड्रोजेल: कर्करोग-चाचणीच्या वाटेवर कॉलेजच्या प्रयोगशाळेत काय करता येतं

‘लघवीच्या थेंबावर कर्करोग ओळखणारी पट्टी’ अशी बातमी दर काही महिन्यांनी येते आणि लगेच तिचं पोस्टर कुठल्या तरी विज्ञान प्रदर्शनात लागतं. हायड्रोजेलचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचा, रंग बदलून दाखवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. तो रंग कशामुळे आला, किती आला आणि दुसऱ्या कशामुळे तसाच येऊ शकतो का, हे सांगता येणं अवघड. हा लेख त्या अवघड भागासाठी आहे. बीएस्सी, एमएस्सी किंवा बीफार्मच्या प्रकल्पासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर, मायक्रोपिपेट, फ्रीज आणि बरा कॅमेरा असलेला फोन एवढ्यावर पुढचं सगळं होतं.

आपण दोन टप्प्यांत जाणार आहोत. पहिल्यात हायड्रोजन पेरॉक्साइडला निळे होणारे अल्जिनेटचे मणी करायचे. दुसऱ्यात ॲगरोजच्या चकत्यांत आणखी एक एंझाइम घालून त्या सार्कोसीन या रेणूकडे वळवायच्या.

आधी रेणू ठरवा, जेल नंतर

लाल कोबीच्या रसाचं जेल करून ‘ट्यूमर आम्लधर्मी असतो, म्हणून हे कर्करोग ओळखतं’ असं लिहिलेले प्रकल्प मी एवढे पाहिलेत की तो मुद्दा आधीच निकालात काढतो. अर्धी गोष्ट खरी आहे. अनेक गाठींच्या आसपासच्या द्रवाचा पीएच ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो, निरोगी ऊतीत तो ७.४ च्या आसपास असतो. पण हा फरक गाठीपाशी असतो. लघवीचा पीएच निरोगी माणसातही ४.५ ते ८ मध्ये कुठेही असू शकतो, जेवणावर आणि औषधांवर बदलतो. कोबीचं जेल तुमचं कालचं जेवण सांगेल, गाठीबद्दल काही नाही.

मग सार्कोसीन का? २००९ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या अरुल चिन्नैयन यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं की प्रोस्टेटचा कर्करोग पुढे सरकतो तसा हा लहानसा अमिनो आम्लाचा भाऊ वाढतो, आणि लघवीतही सापडतो. खूप गाजावाजा झाला. पुढच्या काही अभ्यासांना मात्र लघवीत तो फरक मिळाला नाही, आणि आज प्रोस्टेटच्या तपासणीत सार्कोसीन कुणी वापरत नाही. तरी शिकण्यासाठी हा रेणू उत्तम. त्याला तोडणारं आणि तोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड सोडणारं सार्कोसीन ऑक्सिडेज हे एंझाइम बाजारात मिळतं (म्हणूनच आधी पेरॉक्साइड ओळखायला शिकायचं), कारण पॅथॉलॉजी लॅबमधल्या क्रिएटिनिनच्या एंझाइम-किटमध्ये तेच असतं. आणि वादात अडकलेल्या बायोमार्करवर, म्हणजे रोगाची खूण मानल्या जाणाऱ्या रेणूवर, काम करताना विद्यार्थी जपून दावे करायला शिकतो.

हायड्रोजेल या क्षेत्रात कुठवर पोचलंय याची एक झलक. १९९७ मध्ये पिट्सबर्गच्या सॅनफर्ड ॲशर यांच्या गटाने सूक्ष्म गोलकांची जाळी जेलमध्ये बांधली. जेल फुगलं की गोलकांमधलं अंतर वाढतं आणि परावर्तित रंग बदलतो, रंगद्रव्य लागतच नाही. २०१८ मध्ये ईटीएच झुरिचच्या मार्टिन फुसेनेगर यांच्या गटाने जनुकीय बदल केलेल्या पेशी अल्जिनेटमध्ये बंद करून उंदरांच्या कातडीखाली ठेवल्या. काही कर्करोगांत रक्तातलं कॅल्शिअम वाढतं. ते बराच काळ वाढलेलं राहिलं की या पेशी मेलॅनिन तयार करतात आणि कातडीवर काळपट ठिपका दिसतो. कल्पना देखणी आहे, पण पेशी कातडीखाली घालाव्या लागतात आणि सगळं उंदरांत झालंय. बातम्यांच्या मथळ्यात हे दोन्ही तपशील सहसा गळतात.

साहित्य

सोडिअम अल्जिनेट, कॅल्शिअम क्लोराइड डायहायड्रेट, हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज (पुढे एचआरपी; पेरॉक्साइड वापरून टीएमबीला निळं करणारं एंझाइम), टेट्रामिथाइलबेंझिडीन (टीएमबी; ऑक्सिडाइज झालं की निळं होणारं रंगहीन द्रव्य), डीएमएसओ (टीएमबी विरघळवायला), सोडिअम ॲसिटेट, ॲसेटिक आम्ल, ट्रिस, कमी तापमानाला वितळणारं ॲगरोज, सार्कोसीन, सार्कोसीन ऑक्सिडेज आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. एंझाइम सोडून बाकीचं हायमीडिया किंवा एसआरएल या मुंबईच्या कंपन्यांच्या यादीत सहज सापडतं. अल्जिनेट तपकिरी समुद्रशेवाळातून निघतं. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर वाढणारं सरगॅसम त्याच कुळातलं, पण घरी काढलेलं अल्जिनेट या कामाला नको, दर खेपेला त्याची घट्टी वेगळी येते.

पेरॉक्साइड औषधाच्या दुकानातलं घेऊ नका. तिथली बाटली बहुधा ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे ६ टक्क्यांची असते आणि तिच्यात टिकवण्यासाठी घातलेली द्रव्यं असतात, जी अतिनील मोजमापात लुडबुड करू शकतात. ३० टक्क्यांचं द्रावण कातडी पांढरी करून जाळतं. डीएमएसओ हातावर सांडलं तर त्यात विरघळलेलं द्रव्य कातडीतून आत नेतं. हातमोजे आणि चष्मा दोन्ही घाला. एचआरपीच्या द्रावणात सोडिअम अझाइड कधीच नको. प्रथिनं टिकवायला ते सर्रास घालतात, पण एचआरपी त्याने मरतं.

पायरी १: अल्जिनेट विरघळवणं

१०० मिली डिस्टिल्ड पाण्यात २ ग्रॅम सोडिअम अल्जिनेट. पाणी आधी चुंबकी ढवळणीवर फिरतं ठेवा आणि पूड चिमटीचिमटीने भुरभुरा. पुडीवर पाणी ओतलंत तर आत कोरड्या गुठळ्या राहतात आणि त्या तासन्‌तास फुटत नाहीत. नळाचं किंवा बोअरचं पाणी चालणार नाही, त्यातलं कॅल्शिअम तिथेच जेल करायला लागतं. रात्रभर हळू ढवळत ठेवा, सकाळी बुडबुडे बसेपर्यंत तासभर स्थिर. ऑटोक्लेव्ह करायचा मोह टाळा, उष्णतेने साखळ्या तुटून द्रावण पातळ होतं.

यात एचआरपी मिसळा, मिलीला २ मायक्रोग्रॅम इतकंच. जास्त एंझाइम म्हणजे जास्त रंग, असा हिशेब इथे चालत नाही. फार घातलं तर निळा रंग पुढे ऑक्सिडाइज होऊन पिवळट होतो आणि मापनात नुसता गोंधळ उरतो.

पायरी २: मणी पाडणं

१.४७ ग्रॅम कॅल्शिअम क्लोराइड डायहायड्रेट १०० मिली पाण्यात, म्हणजे १०० मिलिमोलर. सिरिंजला २२ किंवा २४ गेजची सुई लावून साधारण १० सेंटिमीटर उंचीवरून थेंब थेंब सोडा, खाली हळू ढवळत. शेपटीवाले मणी आले तर उंची थोडी वाढवा. चपटे झाले तर कमी करा. १० मिली अल्जिनेटमधून पाचशेच्या वर मणी निघतात. २० मिनिटं तसेच ठेवून घट्ट होऊ द्या.

आता ५० मिलिमोलर ॲसिटेट बफरमध्ये (पीएच ५.५, त्यात १० मिलिमोलर कॅल्शिअम क्लोराइड) दोनदा धुवा. बफरची निवड हा या पायरीचा जीव आहे. टीएमबीसाठी पुस्तकात जवळजवळ नेहमी सिट्रेट-फॉस्फेट बफर दिलेला असतो. सिट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही कॅल्शिअम ओढून घेतात, आणि कॅल्शिअम गेलं की मणी फुगतात, मऊ होतात, शेवटी विरघळतात. प्रकल्पांमध्ये ‘जेल टिकत नाही’ ही तक्रार ऐकली की मी आधी बफरची बाटली पाहतो.

धुतलेल्या पाण्याची परीक्षा घ्या. शेवटच्या धुण्याचं १०० मायक्रोलिटर घेऊन त्यात टीएमबी आणि पेरॉक्साइड टाका. निळं झालं तर एंझाइम झिरपतंय. अल्जिनेटची छिद्रं प्रथिनाच्या मानाने मोठी असतात, त्यामुळे थोडं झिरपणारच. किती झिरपलं ते नोंदवा आणि मणी त्याच दिवशी वापरा. दिवसेंदिवस टिकवायचे असतील तर मण्यांवर कायटोसानचा पातळ थर देतात, पण पहिल्या फेरीत ती भर नको.

पायरी ३: टीएमबी

१० मिलिग्रॅम टीएमबी १ मिली डीएमएसओमध्ये. यातलं ०.१ मिली, कॅल्शिअम असलेल्या त्याच ॲसिटेट बफरच्या १० मिलीत. बाटलीला फॉइल गुंडाळा, कारण उजेडातही टीएमबी हळूहळू निळं होतं. द्रावण रोज ताजं करा, सुरुवातीलाच निळसर झाक दिसली तर ओतून द्या.

अल्जिनेट घ्यायचं एक छुपं कारण इथे कळतं. टीएमबीचं निळं उत्पादन धनभारित असतं आणि अल्जिनेट ऋणभारित, म्हणून रंग मण्यातच धरून राहतो. पाणी जवळजवळ फिकं आणि मणी गडद, असं चित्र दिसतं. पातळ पटलावर (मेम्ब्रेनवर) करायच्या चाचण्यांसाठी विकत मिळणाऱ्या टीएमबी द्रावणांत हीच युक्ती वापरतात.

पायरी ४: पेरॉक्साइड मोजून घ्या

बाटलीवरच्या ३० टक्क्यांवर विश्वास ठेवू नका, पेरॉक्साइड उभ्या-उभ्या विघटित होतं. वजन-आकारमानाच्या हिशेबाने ३० टक्के म्हणजे सुमारे ८.८ मोलर. ११५ मायक्रोलिटर घेऊन १०० मिलीपर्यंत पाणी घाला, साधारण १० मिलिमोलर होईल. २४० नॅनोमीटरवर क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये मोजा. मोलर शोषणांक ४३.६, म्हणजे १० मिलिमोलरला ०.४४ च्या आसपास आकडा यायला हवा. ०.३९ आला तर तुमचं द्रावण प्रत्यक्षात ८.९ मिलिमोलर आहे. तोच आकडा धरून पुढे सौम्य करा. प्लास्टिकच्या क्युव्हेटमध्ये हे होत नाही, ते अतिनील अडवतं.

यापासून ०, ०.१, ०.२, ०.५, १, २ आणि ४ मिलिमोलरची मालिका करा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात एक मणी, १९० मायक्रोलिटर टीएमबी, १० मायक्रोलिटर पेरॉक्साइड. वीसपट सौम्य होऊन अंतिम प्रमाण ० ते २०० मायक्रोमोलर मिळतं. प्रत्येक प्रमाणाचे किमान चार मणी. शून्याचे मात्र दहा, ते का ते पुढे येतं.

सोबत तीन नियंत्रणं: एचआरपी नसलेला मणी, उकळून मारलेल्या एचआरपीचा मणी, आणि एचआरपी आहे पण टीएमबी नाही असा मणी. तिन्ही पांढरे राहिले पाहिजेत.

वरच्या टोकाला एखादा मणी अपेक्षेपेक्षा फिका दिसला तर घाबरू नका. पेरॉक्साइड फार झालं की ते एचआरपीलाच निकामी करतं. पण याचा अर्थ नीट लक्षात घ्या: फिका मणी ‘थोडं आहे’ असंही सांगतो आणि ‘अतोनात आहे’ असंही. म्हणून अनोळखी नमुना नेहमी एकदा जसाच्या तसा आणि एकदा दहापट सौम्य करून तपासायचा.

पायरी ५: घड्याळ आणि कॅमेरा

रंग पृष्ठभागावर आधी येतो आणि आत सरकत जातो. त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे मणी निम्म्या व्यासाचा केला तर वेळ एक चतुर्थांश. तीन मिलिमीटरच्या मण्याला आतपर्यंत भिजायला दहा-पंधरा मिनिटं धरा. वाचनाची वेळ एकच ठरवा, समजा १५ मिनिटं, आणि एका खळग्यानंतर दुसऱ्यात द्रावण टाकताना जितकं अंतर ठेवाल तितकंच फोटो काढतानाही ठेवा. सगळे खळगे भरून मग फोटो काढला तर पहिल्या आणि शेवटच्या खळग्यात काही मिनिटांचा फरक पडतो आणि तोच तुमच्या आलेखात ‘परिणाम’ म्हणून दिसतो.

फोटोसाठी पुठ्ठ्याचं खोकं, आतून पांढरा कागद, बाजूला एलईडी, वर फोनच्या कॅमेऱ्यापुरतं भोक. खिडकीचा उजेड नको, ढग आला की आकडे हलतात. फोनचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद करा, फिल्टर आणि आपोआप सुधारणा बंद. प्रत्येक फोटोच्या चौकटीत राखाडी कार्डाचा तुकडा असू द्या. जमत असेल तर रॉ स्वरूपात जतन करा.

इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मण्याच्या मध्यभागी वर्तुळ काढा आणि लाल वाहिनीची सरासरी घ्या. निळा नव्हे, लाल! निळं द्रव्य लाल प्रकाश गिळतं, म्हणून मणी गडद होतो तसा लाल आकडा खाली येतो, निळा फारसा हलत नाही. कोऱ्या (शून्य पेरॉक्साइडच्या) मण्याचा लाल आकडा भागिले नमुन्याचा लाल आकडा, त्याचा दहा पायाचा लॉग घ्या आणि प्रमाणाविरुद्ध मांडा. खालच्या भागात रेषा सरळ येते, वर वाकते. फक्त सरळ भाग वापरा.

दहा कोऱ्या मण्यांच्या आकड्यांचं प्रमाण विचलन काढा, त्याला तीनने गुणा, रेषेच्या चढाने भागा. ही तुमची शोधमर्यादा. याखालचं काहीही ‘दिसलं’ म्हणायचं नाही, डोळ्याला कितीही निळसर वाटलं तरी.

पायरी ६: सार्कोसीनकडे

इथे अल्जिनेटचे मणी बाजूला ठेवावे लागतात. सार्कोसीन ऑक्सिडेजला पीएच ८ च्या आसपास आवडतं आणि लघवीत फॉस्फेट भरपूर. पीएच ८ ला कॅल्शिअम आणि फॉस्फेट एकत्र आले की पांढरा साका. कॅल्शिअम काढलं तर मणी जातात, ठेवलं तर साका येतो. ॲगरोजला कॅल्शिअम लागत नाही.

३ टक्के कमी तापमानाचं ॲगरोज उकळून वितळवा, ३८ अंशांपर्यंत निवू द्या. तेवढ्याच आकारमानाच्या ट्रिस बफरमध्ये (५० मिलिमोलर, पीएच ८) दुप्पट तीव्रतेचं एचआरपी, सार्कोसीन ऑक्सिडेज आणि ०.५ टक्के सोडिअम अल्जिनेट घेऊन, तेही त्याच तापमानाला आणून, मिसळा. यातलं अल्जिनेट जेल करण्यासाठी नसून निळा रंग धरून ठेवण्यासाठी आहे. इलेक्ट्रोफोरेसिसच्या दोन काचांमध्ये १ मिलिमीटरचा स्पेसर ठेवून ओता आणि थंड झाल्यावर जाड स्ट्रॉने ५ मिलिमीटरच्या चकत्या पाडा. साबुदाण्याच्या पापडासारख्या दिसतात, उचलताना चिमट्याऐवजी चपटा चमचा वापरा.

सार्कोसीन ऑक्सिडेज किती? एक युनिट मिनिटाला एक मायक्रोमोल तोडतं, या व्याख्येवर हिशेब केला तर चकतीला अगदी थोडं पुरेसं वाटेल. पण ती व्याख्या भरपूर सार्कोसीन असतानाची आहे. या एंझाइमचा मायकेलिस स्थिरांक (ज्या प्रमाणाला ते कमाल वेगाच्या निम्म्याने चालतं) काही मिलिमोलर, आपले नमुने दहा-वीस मायक्रोमोलरचे, म्हणजे एंझाइम जेमतेम एका टक्क्याच्या वेगाने चालणार. म्हणून चकतीमागे ०.२ ते ०.५ युनिटपासून सुरुवात करा.

खळग्यात चकती, १०० मायक्रोलिटर नमुना, ३० मिनिटं झाकून. मग काहीही बाहेर न काढता त्याच खळग्यात १०० मायक्रोलिटर टीएमबी, पण यावेळी ०.५ मोलर ॲसिटेटमध्ये, कॅल्शिअमशिवाय, म्हणजे पीएच आपोआप आम्लाकडे उतरेल. मधे द्रव बदललात तर तयार झालेलं पेरॉक्साइड त्याच्याबरोबर निघून जातं.

पायरी ७: खोटी लघवी आणि खरे शत्रू

लिटरला १५ ग्रॅम युरिया, ५.८ ग्रॅम मीठ, १.१ ग्रॅम क्रिएटिनिन आणि थोडं सोडिअम फॉस्फेट. एवढी कृत्रिम लघवी सुरुवातीला पुरते. तिच्यात सार्कोसीनचं ज्ञात प्रमाण घालून किती परत मिळतं ते पाहा.

मग शत्रू एकेक करून सोडा. पहिला जीवनसत्त्व क. ०.१, ०.५ आणि १ मिलिमोलर ॲस्कॉर्बिक आम्ल घातलं की निळा रंग उशिरा येतो किंवा येतच नाही, कारण ते ऑक्सिडाइज झालेल्या टीएमबीला परत रंगहीन करतं. दिवसाला एक गोळी खाणाऱ्या माणसाच्या लघवीत हे सहज असतं, म्हणजे चाचणी त्याला खुशाल ‘सगळं ठीक’ म्हणेल. काही व्यापारी लघवी-पट्ट्यांमध्ये यासाठी आयोडेट असतं. तुम्ही ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज वापरून पाहू शकता.

दुसरा रक्त. हिमोग्लोबिन स्वतःच पेरॉक्सिडेजसारखं वागतं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी वर्षानुवर्षं वापरलेली ग्वायक चाचणी याच गुणावर उभी आहे: विष्ठेत रक्त असेल तर पेरॉक्साइड टाकल्यावर कागद निळा. तिच्याआधी लोकांना तांबडं मांस, मुळा, सलगम टाळायला आणि क जीवनसत्त्व बंद करायला सांगावं लागे. मुळ्यातही पेरॉक्सिडेज असतं म्हणून. माणसाच्याच हिमोग्लोबिनला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी आल्यावर ही पथ्यं सुटली. तुमच्या चकतीवर मुळ्याचा गाळलेला रस टाकून पाहा, वर्गाला हे विसरणं शक्य नाही.

तिसरा पाणी. जास्त पाणी प्यायलेल्याची लघवी सौम्य असते, म्हणून सार्कोसीनचा आकडा एकटा निरुपयोगी. त्याच नमुन्याचं क्रिएटिनिन मोजून गुणोत्तर द्यावं लागतं.

पायरी ८: आकड्यांचा हिशेब, प्रदर्शनाआधी

समजा तुमची चाचणी ९० टक्के रुग्ण पकडते आणि ९० टक्के निरोगींना निरोगी म्हणते. हजार जणांत दहा रुग्ण आहेत. नऊ सापडतील. उरलेल्या ९९० निरोगींपैकी ९९ जणांनाही ती ‘आहे’ म्हणेल. एकूण १०८ निळ्या चकत्यांत खऱ्या नऊ. बाकी प्रत्येकाच्या वाट्याला सोनोग्राफी, बायोप्सी आणि झोपेचं खोबरं. हा तक्ता पोस्टरवर असलाच पाहिजे, परीक्षकांनी विचारण्याची वाट पाहू नका.

रंगावर आधारलेली तपासणी चालते तेव्हा कशामुळे चालते, याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. सौम्य ॲसेटिक आम्ल लावायचं, मिनिटभरात पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. तपासणाऱ्या दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या होत्या. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. नियंत्रण गटातल्या स्त्रियांना तपासणी न देण्यावरून या अभ्यासावर टीकाही झाली, तीही वाचा. पण रसायन म्हणाल तर स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरच्या जातीचं. फरक पाडला तो दर दोन वर्षांनी पुन्हा तपासण्याने, कार्यकर्त्यांच्या निदानावर तज्ज्ञांच्या देखरेखीने, आणि डाग दिसलेल्या बाईला पुढचे उपचार मिळण्याने.

खरे नमुने घ्यायचे असतील तर

मित्राची लघवी कपात घेऊन तपासणं हेही मानवी नमुन्यांवरचं संशोधन आहे. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्याला लागू होतात, संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी आणि देणाऱ्याची संमती आधी लागते. विकायचा विचार आला तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आणि सीडीएससीओ ही केंद्राची औषध-उपकरण नियंत्रण संस्था. प्रकल्पाच्या नावात ‘कर्करोग चाचणी’ लिहू नका, ‘सार्कोसीन-संवेदी जेल’ लिहा. समितीकडे अर्ज करताना नमुने किती दिवस, कोणत्या तापमानाला ठेवणार, नाव कसं लपवणार, आणि चकती निळी झाली तर देणाऱ्याला ते सांगणार की नाही, हे आधी ठरवा. शेवटच्या प्रश्नावर गाईडशी वाद होईल. तो अर्ज भरण्याआधी झालेला बरा.